दहा हजारांचा स्ट्रायकर घ्यावा का? खेळाडूची किंमत, त्याचं मोल आणि संघबांधणी

गोदाकाठचा_गोली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न अगदी घरचा आहे, पण त्याचे धागे पार लिव्हरपूल-पॅरिसपर्यंत जातात, म्हणून इथे मांडतो.

आमचा सात-सातचा संघ आहे. नोकरदार, कॉलेजची पोरं, एक रिक्षावाला, असे बारा जण. पुढच्या महिन्यात गंगापूर रोडच्या टर्फवर स्पर्धा आहे. वर्गणी जमली अठरा हजार, प्रवेश फीचे सहा गेले, उरले बारा. पोरांचं म्हणणं, पुण्याहून एक स्ट्रायकर आणायचा, दोन दिवसांचे दहा हजार मागतो. गडी खरंच चांगला आहे, मी त्याला खेळताना पाहिलंय.

पण गेल्या वर्षीही आम्ही असाच पाहुणा बोलावला होता. उपांत्य सामन्यात त्याने दोन गोल केले आणि आम्ही चार-दोन हरलो. चारातले तीन आमच्या डाव्या बाजूने आले. तिथे उजव्या पायाचा पोरगा नाइलाजाने उभा होता. चौथा लांबून आला आणि माझ्या हातून सुटला.

तेव्हापासून मला वाटतं की फुटबॉलमध्ये संघ सगळ्यात भारी खेळाडूइतका मोठा नसतो, सगळ्यात कच्च्या जागेइतका असतो. लिव्हरपूलचंच बघा. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी कुटिन्यो बार्सिलोनाला विकला, सगळ्या अटींसकट सुमारे १४.२ कोटी पौंडांना. संघातला सगळ्यात कलाकार माणूस गेला म्हणून लोक हळहळले. त्याच महिन्यात साडेसात कोटींना बचावपटू व्हॅन डाइक आला, उन्हाळ्यात गोली अ‍ॅलिसन. मधल्या मे महिन्यात कीव्हला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची, फायनल रिआल माद्रिदकडून ३-१ हरले, त्यातले दोन गोल गोलीच्या चुकांमुळे. वर्षभराने माद्रिदमध्ये टॉटनहॅमला २-० हरवून तोच चषक उचलला. पुढचे तिघे दोन्ही फायनलला सला, फिर्मिनो, मानेच होते. बदल झाला तो मागे.

(कीव्हच्या फायनलचा आमचा गोली कॅरियस, त्याला कुणी नावं ठेवू नका. त्या सामन्यात डोक्याला मार बसून त्याला कन्कशन (मेंदूला धक्का) झालं होतं, असं डॉक्टरांनी नंतर तपासून सांगितलं. गोलीची चूक फळ्यावर लिहिली जाते, बाकी दहा जणांची पुसली जाते.)

तर बारा हजार कशावर घालावेत?

---

सिडको_१०

दादा, मी तुमच्याच संघात आहे, तरी इथे उघड विरोध करतो.

गोल केल्याशिवाय सामना जिंकता येत नाही आणि गोल करणं हेच या खेळातलं सगळ्यात अवघड काम आहे. म्हणूनच स्ट्रायकर महाग असतो. मॅंचेस्टर सिटीचा संघ आधीच पक्का होता, लीगवर लीग जिंकत होता, पण चॅम्पियन्स लीग हाती लागत नव्हती. २०२२ ला स्ट्रायकर हालांड आला, पहिल्याच मोसमात लीगमध्ये ३६ गोलांचा विक्रम केला आणि तीनही मोठे चषक आले. आणि मॅराडोना? १९८४ ला इटलीच्या नापोली क्लबने त्याच्यासाठी किमतीचा तेव्हाचा जागतिक विक्रम मोडला. त्याआधी नापोलीने एकदाही लीग जिंकली नव्हती. १९८७ आणि १९९० ला जिंकली. कच्ची जागा दुरुस्त करून मॅराडोना तयार होत नाही.

आपण गेल्या वर्षी दोन गोल तरी केले ते त्या पाहुण्यामुळेच. तो नसता तर चार-शून्य हरलो असतो.

---

लाल_देवळालीकर

धाग्याशी शंभर टक्के सहमत. लिव्हरपूलचा डाव्या बाजूचा बचावपटू रॉबर्टसन विसरू नका, २०१७ ला हल सिटी क्लबकडून आला, सुमारे ऐंशी लाख पौंडांत. डाव्या बाजूचा प्रश्न कायमचा मिटला. सविस्तर रात्री लिहितो.

---

गोदाकाठचा_गोली

सिडको, तुझं मॅराडोनाचं उदाहरण मला मान्य आहे, पण अर्धंच. १९८५ ची इटालियन लीग कुणी जिंकली? वेरोनाने. त्यांचा गोली होता गारेला. त्याच उन्हाळ्यात नापोलीने त्याला उचललं. पुढच्या फळीत जोर्दानो आला, मधल्या फळीत बान्यी होताच. दोन वर्षांनी लीग आली. मॅराडोना १९८४ पासूनच होता, पहिल्या मोसमात संघ मधल्या क्रमांकावरच राहिला. गारेलाचं नाव आज कुणाच्या तोंडी नाही, पण पाच वर्षांच्या आत दोन वेगळ्या गावांना त्यांची पहिली लीग मिळाली आणि दोन्हीकडे गोलपोस्टमध्ये तो उभा होता.

---

निफाडची_निळी

मी चेल्सीवाली, आणि घरी कांदा-द्राक्ष. किमतीचं म्हणाल तर लासलगावला एक दिवस लिलावात उभं राहून बघा, सगळं कळतं.

एकाच शेतातला, एकाच दिवशी काढलेला कांदा सकाळी एका भावाने जातो आणि दुपारी दुसऱ्या. कांदा तोच असतो, व्यापाऱ्याची गरज बदलते. त्याची गाडी भरायची राहिली असेल तर तो जास्त देतो. खेळाडूचंही असंच. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी ज्याचा बॅक (बचावपटू) जखमी झालाय तो क्लब दुप्पट मोजतो. किंमत घेणाऱ्याची नड सांगते.

दुसरं, लाल कांदा दिसायला झळझळीत, पण टिकत नाही, लगेच विकावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. मोसमाचे अडतीस सामने खेळणारा खेळाडू उन्हाळ असतो. पंधरा सामन्यांनंतर मांडी धरून बसणारा कितीही देखणा असला तरी लाल.

आणि तिसरं, माझं सगळ्यात आवडतं: गोल्टी. निवडताना लहान आकाराचा कांदा बाजूला टाकतात, त्याला भाव कमी. चवीत काडीचा फरक नसतो. मधल्या फळीतला एन्गोलो कांते गोल्टीच होता, पाच फूट सहा इंच. लहान चणीचा म्हणून फ्रान्समधल्या मोठ्या क्लबांनी घेतलाच नाही. २०१५ ला इंग्लंडच्या लेस्टरने फ्रान्सच्या काँ क्लबकडून सुमारे छप्पन लाख पौंडांत आणला. महरेज फ्रान्सच्या दुसऱ्या विभागातून चार-साडेचार लाखांत, व्हार्डी पाचव्या पातळीवरच्या फ्लीटवूडहून दहा लाखांत. २०१६ ला लेस्टर चॅम्पियन, ज्यांच्यावर मोसमाच्या सुरुवातीला बुकींनी एकास पाच हजारचा भाव लावला होता. त्याच उन्हाळ्यात कांते आमच्याकडे आला. पुढच्या वर्षी आम्ही चॅम्पियन आणि लेस्टर बाराव्या क्रमांकावर. व्हार्डी, महरेज दोघेही लेस्टरमध्येच होते. गेला फक्त गोल्टी.

२०२३ ला आमच्याच क्लबने कैसेदोसाठी अटींसह साडेअकरा कोटी पौंड मोजायचं ठरवलं. ब्रायटनने तो त्याच्या दोन वर्षं आधी इक्वेडोरहून पन्नास लाखांच्या आत आणला होता. पोरगा उत्तम आहे, मला फार आवडतो. पण तो तेव्हाही उत्तमच असणार ना? ब्रायटनचा माणूस शेतात जाऊन बघत होता, आम्ही बाजारात.

---

द्राक्षबाग_पिंपळगाव

ताई, गोल्टी वाचून अंगावर काटा आला. +१

---

आकडेमोड

अंबडला क्वालिटी विभागात आहे, मोजमाप हाच धंदा, म्हणून दोन मुद्दे.

एक, सिडको_१० यांची बाजू कुणी उडवून लावू नये. मोठ्या लीगमध्ये बरीच वर्षं धरून पाहिलं तर क्लबचा एकूण पगारखर्च आणि त्याचं तक्त्यातलं स्थान यांचा मेळ घट्ट बसतो. लेस्टर म्हणूनच इतका लक्षात राहतो की ते क्वचित घडतं. मात्र हा मेळ पगाराचा आहे, ट्रान्स्फरच्या रकमेचा तितका घट्ट नाही. पगार म्हणजे रोज खेळणाऱ्या सगळ्या गटाला मिळून दिलेले पैसे. ट्रान्स्फर म्हणजे एका दिवशी एका नडलेल्या गिऱ्हाइकाने मोजलेले.

दोन, हिशेबाची गोष्ट. ट्रान्स्फरची रक्कम क्लबच्या वहीत एका वर्षात पडत नाही, कराराच्या वर्षांत वाटली जाते. दहा कोटीचा माणूस आठ वर्षांच्या करारावर घेतला तर वहीत दर वर्षी सव्वा कोटीच दिसतात. चेल्सीने २०२२-२३ मध्ये हेच केलं. मग २०२३ मध्ये युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) नियम केला की हिशेबासाठी जास्तीत जास्त पाच वर्षं धरायची. आकडे बघून आपण थक्क होतो, पण पुष्कळदा तो मोठा आकडा खेळाडूचा नसतो, वहीचा असतो.

धागाकर्त्यांना विनंती: तुमच्या सामन्यांचे व्हिडिओ असतील तर पाठवा. कच्ची जागा कोणती हे मनाने ठरवू नका. आमच्याकडे मशीन बंद पडलं की प्रत्येक जण शेजारच्या मशीनकडे बोट दाखवतो.

---

गोदाकाठचा_गोली

गेल्या वर्षीचे पाच सामने आहेत, पोरांनी मोबाइलवर काढलेले. लिंक व्यनि (खाजगी निरोप) करतो.

---

प्रेसवाले_काका

नाशिकरोडला प्रेसमध्ये चाकरी केली, आता निवृत्त. सगळे युरोपचं बोलताय, म्हणून एक आपलं सांगतो.

१९६२, जकार्ता, एशियन गेम्स. आपले प्रशिक्षक रहीमसाहेब. जर्नैल सिंग आपला मुख्य बॅक, आशियातला पहिल्या प्रतीचा. साखळीत त्याच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. बॅकला हेडरशिवाय गत्यंतर नाही. दुसरा कुणी असता तर त्याला बसवला असता. रहीमसाहेबांनी त्याला पुढे, सेंटर-फॉरवर्डला उभा केला. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. फायनलला दक्षिण कोरिया २-१, एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैलचा. सुवर्णपदक. एशियाडमधलं आपलं शेवटचं फुटबॉल सुवर्ण तेच.

आता सांगा, जर्नैलची किंमत बॅक म्हणून लावायची की फॉरवर्ड म्हणून? माणूस तोच. त्याला कुठे उभा करायचा हे ओळखणारा डोळा लागतो, आणि तो कुठल्या लिलावात येत नाही. रहीमसाहेब पुढच्याच वर्षी कॅन्सरने गेले. आपण अजून त्या डोळ्याची जागा शोधतोय.

बाळांनो, दहा हजार द्या नाहीतर देऊ नका, पण आधी आपल्याच बारा पोरांत कोण चुकीच्या जागी उभा आहे ते पाहा.

---

सिडको_१०

काका, हे माहीत नव्हतं. मनापासून आभार.

तरीही विचारतो, आय-लीग, आयएसएल या आपल्या देशातल्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंशिवाय कोण जिंकलंय? आयएसएलमध्ये २०१४ ला मैदानावर सहा परदेशी चालत. मग पाच झाले, २०२१ पासून चार. नियम नसता तर प्रत्येक क्लबने अकराच्या अकरा बाहेरून आणले असते. म्हणजे पाहुणा लागतोच.

---

लाल_देवळालीकर

लागतो, पण आधी घर बांधून मग. मिझोरामचा ऐजॉल क्लब घ्या. २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून खाली गेलेला संघ. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून पुन्हा जागा मिळाली. प्रशिक्षक खालिद जमील, ज्यांना मुंबईच्या क्लबने नुकतंच सोडलं होतं. त्यांनी मुंबईहून ओळखीची दोन पोरं सोबत नेली, आशुतोष मेहता आणि आपला जयेश राणे. पाहुणेही होते, सीरियाचा अल-अमना मधली फळी चालवायचा. पण पाठीचा कणा स्थानिक मिझो पोरांचा. २०१७ ला मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू या सगळ्यांना मागे टाकून लीग जिंकली. शेवटून दुसऱ्या सामन्यात घरच्या मैदानावर बागानला १-० हरवलं तेव्हा मी देवळालीत घरात एकटाच नाचत होतो. २०२५ मध्ये तेच खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले.

अल-अमना उपयोगी पडला कारण त्याच्या आजूबाजूला पळणारे दहा जण होते. पॅरिसच्या क्लबचंही तेच झालं. नेमारसाठी २२.२ कोटी युरो, मग एम्बापे, मग मेस्सी. तिघे दोन मोसम एकत्र होते आणि चॅम्पियन्स लीग आली नाही. चेंडू गेल्यावर सात-आठच जण मागे पळायचे. तिघेही गेल्यावर, २०२५ च्या मे अखेरीस म्युनिकला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये प्रशिक्षक लुइस एन्रिकेंच्या पॅरिसने इंटर मिलानला ५-० हरवलं. इंदिरानगरला मित्राच्या गच्चीवर बघितला तो सामना, साडेबाराला सुरू झाला. पॅरिसचा फॉरवर्ड डेंबेले इंटरच्या गोलीकडे टक लावून उभा होता, शिकाऱ्यासारखा. गोल-किक घ्यायची तरी भीती वाटावी असा. मी तेव्हाच म्हटलं, याची किंमत कुठल्या गोलांच्या यादीत दिसणार नाही.

---

निफाडची_निळी

त्या संघातला क्वारात्सखेलियाही नापोलीने जॉर्जियातून एक कोटी युरोच्या आसपास आणलेला. पहिल्याच मोसमात, २०२३ ला, लीग. आणि फायनलला एक गोल त्याचा. शेतात जाऊन बघणारे जिंकतात.

(पण स्वस्त म्हणजे चांगलं असंही नाही हो. दहा गोल्टीतले आठ गोल्टीच निघतात. बघणारा डोळा लागतो, काका म्हणाले तसा.)

---

हरसूलचा_मास्तर

आश्रमशाळेत शिकवतो. शेतात जाऊन बघण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो.

आमच्या बाजूने कविता राऊत धावत गेली, सावरपाड्यासारख्या पाड्यावरून २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या दहा हजार मीटरच्या कांस्यपदकापर्यंत. तिच्याआधीही इथे पोरी तशाच पळत होत्या. पाहणारं कुणी नव्हतं. आमच्या मैदानाला गोलपोस्ट नाहीत, दोन दगड ठेवतो. पावसाळ्यात चार महिने चिखल असतो, पोरं तरी खेळतात, आणि चिखलात खेळल्याने चेंडू पायाजवळ ठेवायला आपोआप शिकतात.

एक गोष्ट क्लब चालवणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी. फिफाचा नियम आहे: खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की त्या रकमेतले पाच टक्के, त्याला बारा ते तेवीस या वयात ज्यांनी ज्यांनी घडवलं त्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा दर वर्षाला पाव टक्का, पुढे दर वर्षाला अर्धा. पण त्यासाठी मुलगा त्या वयात क्लबच्या नावावर नोंदलेला हवा. आमचा एकही मुलगा कुठे नोंदलेला नाही. त्याला घडवणाऱ्याचं मोल जगाच्या नियमात लिहिलेलं आहे, आमच्या वहीत नाही. फार लागतं मनाला.

धागाकर्ते, तुमची डावी बाजू रिकामी आहे म्हणता. माझा एक जुना विद्यार्थी आता नाशकात आयटीआयला आहे, सातपूरला खोली घेऊन राहतो. जन्माचा डावखुरा, पायानेही. त्याला संघ नाही. बूट फाटले आहेत.

---

आकडेमोड

व्हिडिओ पाहिले, पाचही, दोनदा. तुमच्या गोलच्या चौकटीत २३ फटके आले, ११ गोल झाले. सहा डाव्या बाजूने. तुमचा अंदाज बरोबर होता.

उरलेल्या पाचांतले चार लांबून मारलेले आहेत, सरळ किंवा सरळच्या जवळ. हे लिहावं की नाही यावर मी एक दिवस घालवला. दादा, तुम्ही कच्च्या जागेचा धागा काढला म्हणून लिहितो. दुसरी कच्ची जागा गोलपोस्टमध्ये आहे.

आणि सिडको_१०, तुमच्यासाठी: तुमचे स्वतःचे सात फटके पोस्टच्या दोन हातांत गेले आहेत. पाहुण्यापेक्षा तुम्ही जास्त वेळा योग्य जागी पोचला होता. तो शांत राहून मारतो, तुम्ही घाई करता. याला दहा हजार लागत नाहीत, सराव लागतो.

---

सिडको_१०

मी ते सात फटके पुन्हा पाहिले. बरोबर आहे.

---

प्रेसवाले_काका

गोलीसाहेब, रागावू नका. मोजणाऱ्याने प्रेमाने मोजलंय.

---

गोदाकाठचा_गोली

काका, राग नाही. दोन दिवस लिहवलं नाही एवढं खरं.

मी एक्केचाळीसचा आहे. खाली झेपावलं की उठायला वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं. कॅरियसची बाजू मी वर इतक्या पोटतिडकीने का मांडली तेही आता उमगतंय. बावीस वर्षं या जागेवर उभा आहे. ही जागा सोडायची म्हणजे रविवारचं काय करायचं, हाच विचार मनात होता, संघाचा नव्हता.

काल सगळे बसलो. मत घेतलं. पुण्याचा स्ट्रायकर नको, सात विरुद्ध पाच. सिडकोने नको म्हणून हात वर केला, आणि पाचांत आमचा रिक्षावाला होता, त्याचं म्हणणं मलाही पूर्ण खोडता आलं नाही: संकटात एकट्याने सामना फिरवणारा माणूस आपल्याकडे नाही. नाहीच आहे.

पैशाचं असं ठरलं. बुधवार-शुक्रवार रात्री टर्फचा एकेक तास, स्पर्धेपर्यंत, त्यात बहुतेक रक्कम जाईल. मास्तरांच्या विद्यार्थ्याला बूट. तो परवा येऊन खेळून गेला. पहिल्याच दिवशी डाव्या टोकाने असा क्रॉस मारला की आमच्यातले तिघे नुसते बघत राहिले. सिडकोने तो बाहेर मारला, पण या वेळी घाई केली नाही.

गोलमध्ये नाशिकरोडचा एकोणीस वर्षांचा पोरगा उभा राहील. आजवर तो माझा राखीव होता आणि मी त्याला दोन वर्षांत मोजून तीन सामने दिले. मी त्याच्याबरोबर अर्धा तास आधी येणार आहे, लांबून फटके मारायला.

मास्तर, तुमच्याकडच्या मुलांची नोंदणी कशी करता येईल ते जिल्हा संघटनेत विचारतो, पुढच्या आठवड्यात तुम्हाला फोन करतो.

एक मदत हवी. त्या पोराचे हात मोठे आहेत, माझे ग्लोव्हज त्याला बसत नाहीत. दहा नंबरचे, बऱ्या स्थितीतले कुणाकडे असतील तर सांगा, मी सिडको, सातपूर, देवळाली कुठेही येऊन घेऊन जाईन.

---

लाल_देवळालीकर

माझ्याकडे आहेत. एकच मोसम वापरलेले. शुक्रवारी टर्फवर घेऊन येतो.